गणपतीमागच्या टिटव्या

रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझे डोळे तपासले, रक्त तपासलं, मान डावी-उजवीकडे वळवून पाहिली आणि शेवटी चिठ्ठीवर काहीच न लिहिता पेन खिशाला लावलं.

"डोकं दुखतं हे खरं," ते हिंदीत म्हणाले, "पण डोक्यात काही नाही. मन कशात तरी रमवा."

माझ्या डोक्यात काही नाही हे सरकारी डॉक्टरांकडून ऐकायला मिळाल्याचा आनंद नवऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. पण तो शिस्तीचा माणूस. खातीपुरा स्टेशनावर सहायक स्टेशन मास्तर होता, आणि आलेली सूचना अमलात आणायची हा त्याचा स्वभावच होता. स्कूटर सुरू करता करता त्यानं मला विचारलं, "बोल, तुला काय आवडतं?"

मी विचारात पडले. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती आणि आम्ही मिरजेहून जयपूरला येऊन वर्षही झालं नव्हतं. लग्नाआधी दोन वर्षं मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. ते सुटलं. मला झाडं आवडायची, पक्षी आवडायचे, कापडावरची नक्षी आवडायची, व्यायाम करावा असंही अधूनमधून वाटायचं.

"सगळंच थोडं थोडं आवडतं," मी म्हणाले.

"थोडं थोडं म्हणजे काहीच नाही," तो म्हणाला. "एकेक करून बघू."

घरी सासूबाई आमची वाट बघत बसल्या होत्या. मामंजी गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. अंगणातल्या बाजेवर बसून तांदूळ निवडायचे, ते संपले की डाळ निवडायची, आणि तोंडानं आमच्यातलं चांगलं-वाईट निवडायचं, असा त्यांचा दिवस जायचा. डॉक्टर काय म्हणाले ते नवऱ्यानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मन रमवायला औषध लागतं होय? घरात एवढी भांडी आहेत की."

पहिला प्रयोग योगासनांचा झाला. नवऱ्यानं स्टेशनाबाहेरच्या टपरीवरून एक पातळसं पुस्तक आणलं. त्यातल्या चित्रांमधला लंगोटवाला माणूस प्रत्येक आसनात सारखाच हसत होता. मी पहाटे गच्चीवर सतरंजी टाकायची आणि पुस्तकावर दगड ठेवून पान उघडं धरायची. पुढे वाकले की पुस्तक दिसायचं नाही आणि पुस्तक पाहायला मान वर केली की आसन मोडायचं. पाचव्या दिवशी मी सरळ शेवटच्या पानावर गेले. शवासन. ते मला पहिल्याच झटक्यात जमलं. इतकं जमलं की ऊन अंगावर आलं तरी मला जाग आली नाही.

जाग आली ती तोंडावर तांब्याभर पाणी पडल्यावर. सासूबाई रिकामा तांब्या धरून उभ्या होत्या.

"चार हाका मारल्या! हलेना, बोलेना!"

"आई, शवासन करत होते मी."

"असलं नाव ठेवल्यावर मी काय समजायचं?" त्या म्हणाल्या, आणि पदरानं माझं तोंड पुसता पुसता इतक्या हसायला लागल्या की शेजारच्या गच्चीवरच्या भाभीजीही पापड वाळत घालायच्या थांबल्या. योगासनं तिथंच संपली. मला वाईट वाटलं नाही, कारण त्या दिवशी माझं डोकं दुखलं नव्हतं. पण ते शवासनामुळे की हसण्यामुळे हे कळायला मार्ग नव्हता.

मग गुलाब आले. जयपूरला गुलाबी शहर म्हणतात, त्यामुळे गुलाब तिथे आपोआप येत असावेत असा नवऱ्याचा समज होता. सहा रोपं आणली. क्वार्टरमागची जमीन वाळूची, फावडं लावलं की भुरभुर खाली बसणारी. शेणखत घातलं, आळी केली, भांडी विसळलेलं पाणी घातलं. एप्रिलमध्ये लू, म्हणजे तिकडचा भाजणारा वारा, सुरू झाली आणि आठ दिवसांत सहाही रोपं पापडासारखी कडकडीत झाली. सातव्या आळ्यात मात्र काहीतरी हिरवंगार वर आलं होतं. सहा रोपांना सात आळी कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडला. पाहिलं तर सासूबाईंनी न बोलता मेथी पेरली होती. संध्याकाळी तीच भाजी पानात आली. नवरा जेवताना म्हणाला, "गुलाब चविष्ट झालाय." मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

खरी गोष्ट सुरू होते ती त्यानंतरच्या थंडीत, कानोत्याला.

जयपूरच्या मिलिटरी स्टेशनात साताऱ्याकडचं एक मराठी कुटुंब होतं. त्यातले साहेब मेजर होते. त्यांच्या बायकोची नि माझी बाजारात ओळख झाली होती. त्यांच्याकडून नवऱ्यानं एका रविवारपुरती दुर्बीण मागून आणली. आम्ही तिघं बसनं कानोत्याच्या धरणावर गेलो. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची सुरई आणि सासूबाईंची नाराजी. पक्षी बघायला इतक्या लांब कशाला, घरावर कावळे येतात की, हे त्यांचं म्हणणं होतं.

दुर्बीण जड होती. एका डोळ्यानं पाणी दिसायचं आणि दुसऱ्यानं माझीच पापणी. मी चाक फिरवून फिरवून नेम धरेपर्यंत सासूबाई नुसत्या डोळ्यांनी बघून सांगायच्या, "तो बघ, उडाला." नवऱ्याला सगळेच पक्षी बदक वाटत होते. बगळा म्हणजे उंच बदक, आणि पाणकावळा म्हणजे काळं बदक. शेवटी मी दुर्बीण त्याच्या गळ्यात अडकवली आणि पिशवीतून वही काढली. बाजाराच्या याद्या लिहायची वही होती ती.

पाण्याच्या कडेला गोट्यांवरून एक टिटवी पळत होती. चार पावलं धावायची, थांबायची, आपण त्या गावचेच नाही असं दाखवत इकडेतिकडे बघायची, पुन्हा चार पावलं. पिवळे लांब पाय, डोळ्यांपुढे लाल ठिपका, छातीवर काळा पट्टा. मी काढायला लागले. पहिली बिघडली. दुसरी कोंबडी झाली. सातवी की आठवी होती, तिचे पाय धावले. लग्नानंतर मी काढलेलं ते पहिलं चित्र. मान वर केली तेव्हा ऊन कललं होतं, दशम्या संपल्या होत्या आणि सासूबाई माझ्या खांद्यावरून वहीत बघत होत्या.

"पाय बरे आलेत," त्या म्हणाल्या. एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. पण मी त्यांना वर्षभर ओळखत होते. त्यांनी भाकरीला 'बरी' म्हणणं म्हणजेसुद्धा मोठी गोष्ट होती.

ती वही भाभीजींनी पाहिली. त्यांचं माहेर बगरूचं. बगरू म्हणजे जयपूरजवळचं कापडछपाईचं गाव, घरोघरी लाकडी ठशांनी कापड छापणारी माणसं. "आमच्या शेजारी एक बाबा ठसे कोरतात. चला, तुमची टिटहरी लाकडात उतरवू," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यात मला घेऊनही गेल्या.

ठसे कोरणारे बाबा अंगणात लिंबाखाली बसायचे. पुढ्यात शिसवी लाकडाचा तुकडा, हातात बारीक छिन्नी आणि दाढीत लाकडाचा भुसा. माझं चित्र त्यांनी लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"अच्छा है," ते म्हणाले. "पर बहुत बोलता है."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी कोळशानं माझ्या रेषा खोडायला सुरुवात केली. पंखाची सतरा पिसं गेली, तीन राहिली. मान जाड झाली. दोन पायांमधली जागा मोकळी झाली. "लकीर को साँस चाहिए, बेटी. नहीं तो रंग भर जाएगा." चित्रकलेची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली मी बघत राहिले. त्यांनी ठेवलेल्या नऊ-दहा रेषांत टिटवी जास्त जोरात धावत होती.

"पण बाबा," मी घाबरत म्हणाले, "आमच्याकडे टिटवी ओरडली तर अशुभ मानतात."

"आपके यहाँ पानी ज़्यादा होगा," बाबा म्हणाले. "यहाँ तो यह बरसात की ख़बर देती है. अंडे ऊँचे पर रखे तो लोग मिठाई बाँटते हैं."

पंधरा दिवसांनी ठसा हातात आला. मी भाभीजींच्या माहेरच्या अंगणात जुन्या धोतरावर शंभर टिटव्या उमटवल्या. हात काळे, साडी काळी. नवरा घ्यायला आला तेव्हा त्यानं आधी धोतराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डोकं?" त्यानं विचारलं. मला आठवावं लागलं की ते दुखत असे.

इथवर सगळं छान होतं. इथेच थांबायला हवं होतं. पण कौतुक झालं की मी कधी थांबले नाही.

जयपुरातली मराठी माणसं मिळून दरवर्षी गणपती बसवायची. त्यात रेल्वेचे आणि लष्करातले लोक जास्त. श्रावणातल्या बैठकीत मागच्या पडद्याचा विषय निघाला. दरवर्षी कुणाच्या तरी घरची चादर लागायची. एका वर्षी तर गणपतीच्या डोक्यामागे रेल्वेचा शिक्का आला होता. मी उभी राहून म्हणाले, "यंदा पडदा मी करते. बगरूच्या छपाईचा. भोवती पक्ष्यांची किनार आणि मधे ओळीनं 'मंगलमूर्ती मोरया'." टाळ्या पडल्या. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या हळूच कानात म्हणाल्या, "पक्षी म्हणजे कुठला, ते सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलं नाही," मी म्हणाले.

"विचारलं तर मी बघते."

अक्षरांचा ठसा करायचा होता. आता मी जाणकार झाले होते. ठशावर उलटं कोरलं की कापडावर सुलटं उमटतं हे मला ठाऊक होतं. म्हणून मी घरी आरशापुढे बसून दोन दिवस खपून 'मंगलमूर्ती मोरया' उलट्या अक्षरांत लिहिलं आणि कागद घेऊन बाबांकडे गेले. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना अक्षर म्हणजे एक नक्षी. त्यांनी कागद हातात घेऊन विचारलं, "अक्षर है न? तो उल्टा होगा."

"हाँ, हाँ," मी मान डोलावत, सगळं कळणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "उल्टा ही है."

ते विचारत होते की हा मी उलटा करून कोरू ना. मी सांगत होते की मी तो आधीच उलटा केलाय. दोघंही समाधानानं हसलो. बाबांनी आयुष्यभराच्या सवयीनं माझा उलटा कागद उलटा करून लाकडावर चिकटवला आणि सुंदर, सुबक, सुलट अक्षरं कोरली.

छापताना तरी लक्षात यायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण मलमलीचं कापड मेजावर माझ्याकडे डोकं करून पसरलेलं होतं. अक्षरं मला खालची वर दिसत होती, आणि माझं सगळं ध्यान ठशाच्या कोपऱ्यातल्या, ओळ जुळवायच्या ठिपक्यावर होतं, कारण ओळ वाकडी गेली तर बाबांसमोर लाज. ओळ जराही वाकडी गेली नाही. सहा ओळी छापल्या. कापड धुण्या-उकळण्यासाठी तिथंच ठेवलं आणि मी ताठ मानेनं घरी आले.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी कापड आलं. दुपारची वेळ होती. मी आणि नवऱ्यानं ते अंगणातल्या दोरीवर लांबलचक पसरलं. लाल आणि काळा रंग इतका खुलला होता की भाभीजी भिंतीवरून बघून "वाह" म्हणाल्या. सासूबाई चष्मा लावून पुढे आल्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत झालं होतं, त्यामुळे त्या प्रत्येक अक्षरावर थांबून वाचायच्या. त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी मला विचारलं,

"हे मोडीत लिहिलंयस का गं?"

मी पाहिलं. नवऱ्यानं पाहिलं. 'या'चा काना पुढे येऊन उभा होता, त्यामागोमाग 'र' पाठ फिरवून निघाला होता, आणि 'मंगलमूर्ती' कुठेतरी उजवीकडे तोंड लपवून बसली होती. सहा ओळी. एकही वाकडी नाही.

मी तिथंच पायरीवर बसले आणि रडायला लागले. नवरा बिचारा काय बोलणार? पण तो बोललाच. "आरसा लावला तर नीट दिसेल," तो म्हणाला. "समोरच्या भिंतीवर मोठा आरसा लावून लोकांना गणपतीकडे पाठ करून बसवायचं."

"अहो, गप्प बसा!"

"बरं, चादर तर आहेच."

मी आणखी रडले. सगळ्यांसमोर मी उभी राहिले होते, त्या टाळ्या कानात वाजत होत्या. आता योगासनांसारखं, गुलाबांसारखं हेही. मला काहीच धड येत नाही, सगळंच थोडं थोडं येतं, असं काहीबाही मी बोलत होते. सासूबाईंनी माझं काहीच ऐकलं नाही. त्यांची साडी पलीकडच्या दोरीवर वाळत होती, ती काढायला त्या कापडाच्या मागे गेल्या. ऊन पलीकडच्या बाजूनं पडलं होतं. त्यांची सावली कापडावर दिसत होती. ती सावली अचानक थांबली आणि तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"मं-ग-ल-मू-र्ती... मोरया." मग पुन्हा, न अडखळता. "मंगलमूर्ती मोरया! अगं ए, इकडे ये. इकडून सरळ आहे की सगळं!"

मी धावत मागे गेले. मलमल पातळ होती. रंग आरपार उतरला होता. मागच्या बाजूला तो फिका पडला होता, काळा राखाडी झाला होता आणि लाल डाळिंबाच्या सालीसारखा. पण प्रत्येक अक्षर सुलट होतं. मी सासूबाईंना मिठी मारली. त्यांना असलं काही करायची सवय नव्हती. त्या हातातल्या साडीसकट ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुरे. साडीला रंग लागेल."

"रंग पक्का आहे, आई."

"मग असू दे," त्या म्हणाल्या, आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

पडदा उलटा टांगला. एकच घोटाळा उरला. छापताना दोन्ही बाजूंच्या टिटव्या गणपतीकडे धावत येतील असा मी विचार केला होता, म्हणून एका बाजूसाठी तोंड फिरवलेला दुसरा ठसाही करून घेतला होता. पण दोन्ही बाजूंना कापड नीट बसेना. गणपतीचा हॉल अरुंद होता, म्हणून कडेच्या पट्ट्या कापून पुन्हा जोडाव्या लागल्या, आणि घाईत त्या अदलाबदल करून शिवल्या गेल्या. शेवटी गणपती बसला तेव्हा डावीकडच्या आणि उजवीकडच्या सगळ्या टिटव्या त्याच्याकडे पाठ करून दाराकडे पळत होत्या.

पहिल्या आरतीनंतर मंडळींमधल्या एक वयस्कर बाई पुढे आल्या. त्या नागपूरकडच्या आणि फार बारीक नजरेच्या. त्यांनी सासूबाईंना विचारलं, "पडदा छान आहे हो. पण हा पक्षी कुठला?"

"इथलाच आहे. राजस्थानी," सासूबाई म्हणाल्या.

"आणि हे सगळे बाहेर कुठे निघालेत?"

"आरतीला लोकांना बोलवायला," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.

मेजरसाहेबांच्या बायकोला तर तो फिका रंगच सगळ्यात आवडला. "किती जुन्यासारखं, मऊ दिसतंय. हे मुद्दाम केलंत ना? मला पडदे हवेत असेच," त्या म्हणाल्या. मी तोंड उघडणार एवढ्यात नवरा म्हणाला, "हो, मुद्दामच. फार अवघड काम असतं ते." त्या पडद्यांसाठी मला पुढे मलमलीवर खरोखरच उलट्या बाजूनं छापून बघायला लागलं आणि त्यात हिवाळा गेला. ते खरंच अवघड काम होतं.

विसर्जनानंतरच्या रविवारी मी कबुली द्यायला बगरूला गेले. सासूबाई म्हणाल्या, मीपण येते. बाबांना मी सगळं सांगितलं. ते इतके हसले की त्यांच्या दाढीतला भुसा उडाला. दुसरा ठसा फुकट कोरून देतो म्हणाले. सासूबाईंनी मान हलवली. "नको. हाच बरा आहे. कुणाला तरी मागून बघायची सवय लागेल," असं त्या मराठीत म्हणाल्या. बाबा त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. दोघांनाही एकमेकांचं कळत नव्हतं आणि कुणाचंच अडत नव्हतं.

मग मी बाबांशी रेषांबद्दल बोलत बसले. मागे वळून पाहिलं तर सासूबाई जुन्या, टाकून दिलेल्या ठशांच्या टोपलीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. एकेक उचलून, अंगठ्यानं भुसा पुसून, तांदूळ निवडावेत तसे निवडत होत्या. एका ठशावर नखाएवढं फूल होतं, चार पाकळ्यांचं. बाबांच्या सुनेनं रंगाची थाळी पुढे सरकवली. सासूबाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मामंजी गेल्यापासून त्या फिकट, बिनकाठाच्या साड्या नेसायच्या. त्यांनी पदर गुडघ्यावर पसरला, ठसा रंगात टेकवला आणि पदराच्या टोकावर दाबला. वरून मुठीनं हलकेच ठोकला, बाबा ठोकायचे तसा.

फूल जरा तिरकं आलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. मग त्याच्या शेजारी दुसरं उमटवलं, मग तिसरं.

"आई," मी म्हणाले, "साडीला रंग लागतोय."

"लागू दे. तू तिकडे बघ," त्या म्हणाल्या. "मला ओळ सरळ धरायची आहे."